दिदूरनंतर कोण? वॉदिश!

पोलंडचे बास (ऑपेरातले सर्वात खालच्या पट्टीचे पुरुष गायक) म्हणजे एदुआर्द द रेश्के आणि आदाम दिदूर, पुढे शुकशुकाट, असं काही जण म्हणतात. मग बेर्नार्द वॉदिशला कुठे ठेवायचं? १९२२ मध्ये विल्नोत (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) जन्म, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत ‘होम आर्मी’त, मग सोव्हिएत कैद. गाण्याची कारकीर्द त्यानंतरची! १९५० पासून वॉर्सा ऑपेरात, १९५६ मध्ये इटलीतल्या व्हेर्चेल्ली शहरातली गायनस्पर्धा जिंकली. विख्यात गायिका मारिया कॅलासच्या १९५९ च्या ‘लुचिया’ या ऑपेराच्या ध्वनिमुद्रणात रायमोंदोची भूमिका ह्याचीच. लग्नघरातला जल्लोष थांबवून तो खुनाची बातमी सांगतो, ती जागा जरूर ऐका. आवाज चढवण्याआधीच धडकी भरते. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीच्या ‘सेंट ल्यूक पॅशन’ या धार्मिक रचनेच्या पहिल्या प्रयोगातही (१९६६) होता. मला तर दिदूरपेक्षा हाच जवळचा वाटतो, अर्थात ध्वनिमुद्रणं चांगली असल्याचा फायदा त्याला मिळतोच.