लो-फ्लोअर बस म्हणजे उधळपट्टी? मग आईला बांबोळीच्या इस्पितळात नेऊ कशी?

डिचोलीची मास्तरीण
काल मुरगावकरांनी इथे लिहिलं : "वीस वर्षं बसने पणजीला जातो, व्हीलचेअर एकदाही दिसली नाही. लो-फ्लोअर बस ही उधळपट्टी. सरकारने गरजूंच्या दारात गाडी पाठवावी." वाचून रात्रभर डोकं तापलं होतं.

माझ्या आईला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. उजवा पाय उचलत नाही. महिन्यातून एकदा बांबोळी, तीही पणजीला बस बदलून. पहिली पायरी तिच्या गुडघ्याएवढी उंच. ती डाव्या हाताने दांडी धरते, मी मागून कमरेला आधार देते, आणि पाय टेकायच्या आत कंडक्टर शिटी मारतो. गेल्या श्रावणात ती तशीच रस्त्यावर बसली, साडी चिखलात. तेव्हापासून टॅक्सी. पगारातून किती जातात ते माझं मला ठाऊक.

साध्या बसचा तळ जमिनीपासून ९०० मिलिमीटर, लो-फ्लोअरचा ४००. अर्ध्या मीटरची गोष्ट आहे हो! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काय फक्त भाषणात सांगायला?

फोंड्याचा बसवाला
बाई, आईचं ऐकून वाईट वाटलं. पण शिटी मारणाऱ्याचीही बाजू ऐका. मागची गाडी तीन मिनिटांवर असते. टायमिंग चुकलं की स्टँडवर कॉलर धरतात. दुपारी अर्धी गाडी रिकामी, कारण घरटी दोन स्कूटर. त्यात ४०० मिलिमीटरची गाडी आमच्या गावच्या स्पीडब्रेकरवर पोट घासणार. मी कर्ज काढून रॅम्प लावू आणि हप्ता तुम्ही भरणार?

तिसवाडीकर
बस कितीही खाली आणा, ती थांबते कुठे? स्टॉपपाशी स्कूटर लावलेल्या, म्हणून बस भर रस्त्यात. रॅम्प टेकणार कशावर? गोव्यात व्हीलचेअर सरळ ढकलत आत नेता येते असं मी एकच वाहन पाहिलंय : फेरीबोट. पायरीच नाही.

चोडणकर
फेरीचं कौतुक पणजीत बसून करू नका! माझा भाऊ व्हीलचेअरवर आहे. ओहोटीला धक्क्याचा उतार बघितलात? खाली शेवाळ, चाक सरकतं, दोघांनी मागून ओढून धरावं लागतं. फळी पुरती पडायच्या आत स्कूटरवाले घुसतात. आम्ही शेवटी, तोवर जागा संपलेली.

तिसवाडीकर
आता २०२५ पासून रायबंदर ते चोडण बेट रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढतात-उतरतात अशी मोठी फेरीबोट, आहे ना?

चोडणकर
बोट मोठी झाली म्हणून स्कूटरवाल्याला धीर आला का? आधी चालणारे आणि खुर्चीवाले, मग गाड्या, एवढा नियम करायला काय नवी बोट लागते? पायरी नाही हे तुमचं खरं, तेवढं मानतो.

मुरगावकर
मला निर्दय ठरवून मोकळे झालात सगळे! माझ्या काकांना लहानपणी पोलिओ झाला. तीनचाकी स्कूटरवरून जाऊन-येऊन सगळी नोकरी केली, कुणापुढे हात पसरला नाही. दारात गाडी मागितली ती अशाच माणसांसाठी.

डिचोलीची मास्तरीण
काकांचे दोन्ही हात धड होते. माझ्या आईचा उजवा हात लुळा आहे, ती स्कूटर कशी चालवणार? आणि दारातल्या गाडीला आधी फोन, मग ती मोकळी आहे का ते विचारा. शेजारीण उठते, पर्स घेते, बसमध्ये बसते. आईला तेवढंच हवंय. बसमध्ये आम्ही दिसत नाही, कारण पायरी चढवत नाही.

मुरगावकर
बरं. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या शटल मार्गांवर घाला लो-फ्लोअर. "उधळपट्टी" हा शब्द मागे घेतो. गावांसाठी मात्र गाडीच हवी, यावर मी ठाम आहे.

डिचोलीची मास्तरीण
त्यात डिचोली कुठे आली?

फोंड्याचा बसवाला
नवी बस माझ्याने होणार नाही. दाराखाली दुमडती लोखंडी पायरी गॅरेजवाल्याकडून लावून घेता येते का, विचारतो. आणि पाय टेकेपर्यंत शिटी नाही, हे माझ्या कंडक्टरला आजच सांगतो. टायमिंगवरून भांडण झालं तर मी बघेन.

डिचोलीची मास्तरीण
पायरी जमिनीपासून एक वीत ठेवा. त्याहून उंच आईला जमत नाही, घरी पाट ठेवून पाहिलंय.