जबडा जोडून सहा आठवडे झाले, आता मॅटवर सोडायचं का?

धायरीचा दादा: धाकटा भाऊ कबड्डीत मध्यरक्षक. सरावात चढाईवाल्याचा गुडघा हनुवटीवर बसला, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. प्लेटा-स्क्रू टाकले, वर दोन आठवडे दात तारांनी बांधून ठेवले होते. पेज, सूप, मिक्सरमधून काढलेला वरण-भात. सहा किलो उतरला. आता क्लबचे सर म्हणतात, पुढच्या पंधरवड्यातल्या स्पर्धेला घेऊ. माझं मत साफ नकाराचं. तोंडात अजून जेमतेम दोन बोटं शिरतात. कोणाला अनुभव?

डावा कोपरा: भावाला काचेचा करून ठेवू नका. टायटॅनियमची प्लेट आहे, मेणाची नाही. 2002 साली अँटिग्वात कुंबळे तुटका जबडा बांधून 14 षटकं टाकून गेला, लाराला पायचीत केलं. तुमच्याकडे तर जोडलेला जबडा आहे.

फिजिओ, सदाशिव पेठ: आणि मग ऑपरेशनसाठी मायदेशी परतला, ते सोयीनं विसरता. शिवाय लेगस्पिनरच्या तोंडावर कोणी गुडघा आणत नाही. प्लेट हाडाला जागेवर धरते, भरायचं काम हाडालाच करावं लागतं. सहा आठवड्यांत चावण्यापुरतं भरतं. धक्क्याच्या खेळाला साधारण तीन महिने धरा, अंतिम शब्द सर्जनचा. तीन बोटं उभी शिरेपर्यंत तर विषयच नको. आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक सरकवायच्या, दोन दिवसांनी एक वाढवायची.

डावा कोपरा: बरं, धक्का नको. पण पळवताय का त्याला? सगळं घर जबड्याकडे बघत बसतं. ते सहा किलो मांड्यांचे गेलेत. तारा निघाल्या त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून चालणं-पळणं सुरू व्हायला हवं होतं. तीन महिन्यांनी हाड पक्कं आणि पाय लटपटत, असा खेळाडू पुन्हा पडतो. सर चुकतात ते तारखेत, घाईमागचं कारण खरं आहे.

फिजिओ, सदाशिव पेठ: हे मात्र बरोबर. (लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

बॉक्सरची आई, कर्वेनगर: दोन गोष्टी. जुना माऊथगार्ड फेका, दातांची ठेवण थोडी बदलते, नवीन माप घ्या. दुसरं, आमचा परतला तेव्हा खालचा ओठ अजून बधिर होता आणि समोरचा हलला की डावा हात हनुवटीवर जायचा. एक्स-रेत ते दिसलं नव्हतं.

धायरीचा दादा: अगदी तेच, ताई. काल अंगणात मी नुसता पुढे आलो तर हात वर. एका हातानं पकड कशी करणार? सरांना स्पर्धेला 'नाही' असं कळवून टाकलंय. उद्यापासून पर्वती चढायला नेतो. काड्या तेरा झाल्यात, चौदावीला मला शिव्या घातल्या.