साठीनंतर ‘सेमिस्टर अ‍ॅट सी’ : कुणी गेलंय का?

निलू_ठाणे
वय ६६, बँकेतून निवृत्त, एकटी. मुलगा म्हणतोय, कॉलेजच्या मुलांबरोबर जहाजावरून शिकत शिकत जगप्रवास करायचा, त्यात मोठ्या माणसांनाही घेतात, तू जाच. साडेतीन महिने! गुडघे कुरकुरतात, पूर्ण शाकाहारी आहे, आणि एलिफंटाला जातानाही मला बोट लागते. शिवाय विशीतल्या पोरांत आपली अडगळ तर नाही ना होणार?

वाईकर_आजी
निलूताई, मी सत्तरीला टेकताना जाऊन आले. हॅम्बुर्गहून निघून आफ्रिकेला वळसा, मग कोची, जपान आणि शेवटी सॅन दिएगो. हवाईच्या अलीकडे तारीखरेषा ओलांडली तेव्हा तोच वार दोनदा आला.

क्रूझ समजून जाऊ नका. जहाज ‘वर्ल्ड ओडिसी’, म्हणजे १९९८ साली जर्मनीत कीलला बांधलेली जुनी क्रूझबोट ‘डॉइचलँड’. पण जहाजाचा दिवस चालतो वेळापत्रकावर. समुद्रात असलं की वर्ग, रविवार असो की दिवाळी. बंदर लागलं की सुट्टी. ग्लोबल स्टडीज सगळ्यांना, ते कायझरझाल नावाच्या मोठ्या सभागृहात. बाकीच्या वर्गांत प्राध्यापकांना विचारून मागे बसायचं. आपल्याला ना परीक्षा ना क्रेडिट. पूर्वेकडे जाताना मात्र घड्याळ सारखं पुढे सरकतं, आणि सकाळच्या तासाला पोरं डुलक्या घेतात. आपली झोप आधीच कमी, त्यामुळे सर्वांत ताजीतवानी मीच!

अडगळीचं म्हणाल तर वर्गात आधी वाचून बसलात आणि न विचारता सल्ले दिले नाहीत, तर मुलं आपणहून ताट घेऊन शेजारी येतात. मला नावानेच हाक मारायची. पहिले काही दिवस कानाला खटकलं, मग आवडायला लागलं. मोठ्यांना दोन-तीन मुलं ‘दत्तक’ देण्याची पद्धत आहे, ती जरूर घ्या.

विषुववृत्त ओलांडताना नेपच्यून डे, म्हणजे खलाशांचा जुना गमतीचा सोहळा असतो. माशाचा मुका घ्यायचा (शाकाहार कामी आला) आणि हवं असेल तर डोकं भादरून घ्यायचं. रांगेत मुलीही होत्या. एकीचे कमरेपर्यंतचे केस मैत्रिणीच हसत हसत मशीनने काढत होत्या. माझ्या वडिलांची आत्या लाल आलवणात होती. महिन्याला न्हावी मागल्या दाराने यायचा आणि आम्हा मुलांना माडीवर पिटाळायचे. मी तिथून उठणार होते, पण उठले नाही. नंतर त्या मुलीने ‘हात फिरवून बघा’ म्हणून डोकं पुढे केलं. तिला आत्याचं सांगितलं. तिने पुढच्या निबंधात ते लिहिलं, मला विचारून.

आता गुडघे. समुद्रात काही त्रास नाही, दमवतात ती बंदरं. मुलं चार दिवसांत देश संपवायला निघतात, त्यांच्या मागे लागू नका. पहिला दिवस गावात हिंडा, दुसऱ्या दिवशी जहाजावर पाय वर करून पडा. कोचीला सगळे मला वाटाड्या समजून मागे आले. मला मल्याळममधली पाटीसुद्धा वाचता येईना!

घाना यादीत असेल तर यलो फिव्हरची लस लागते, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत उतरतानाही लसीचं कार्ड बघतात. साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. भारतीय पासपोर्टवर मॉरिशस सोपं, बाकी व्हिसांचा मोठा व्याप. तो मुलाच्या गळ्यात घाला.

चीफसाहेब
ताई, मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावा कमी. दक्षिण आफ्रिकेच्या केपच्या पूर्वेला अगुल्हास हा सागरी प्रवाह नैऋत्येकडे वाहतो आणि समोरून दक्षिण महासागराची लाट येते, तेव्हा पाणी उभं राहतं. अ‍ॅव्होमिन मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग कमी. पण तिने गुंगी येते, काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गोळी घेतली की त्या दिवशी जिने बंद, लिफ्टने जा.

निलू_ठाणे
आजी, आत्याचं वाचून थांबलेच जरा. काचबिंदू नाही, चीफसाहेब. आणि जेवण?

वाईकर_आजी
उपाशी राहत नाही. बटाटा, पास्ता, सॅलड, फळं रोज. फोडणीची आठवण दुसऱ्या आठवड्यात येते. भाजणी नेऊ नका, केबिनमध्ये शेगडी कुठली? मेतकूट आणि कोरडी चटणी न्या, पण बंदरावर उतरताना पिशवीत ठेवू नका, काही देशांत खाण्याच्या वस्तूंवरून फार कटकट करतात. आणि चष्म्याची दुसरी जोडी घ्याच.