मदत हवी आहे: पेशंट इनहेलर खरंच घेतात का, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. एमडी चेस्टचं दुसरं वर्ष चालू आहे. थिसिससाठी सीओपीडीचे (श्वासमार्गाचा जुनाट आजार) पेशंट इनहेलर किती नियमित घेतात ते बघतेय, आणि मोजण्यापाशीच गाडी अडलीय.

आधी सोपं वाटलं होतं. रोटाकॅपची (यंत्रात घालून आतली पावडर श्वासाने ओढायची कॅप्सूल) 30 ची बाटली, सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे 15 दिवस. उरलेल्या कॅप्सूल मोजा, झालं! परवा एका आजींचा हिशोब अगदी चोख निघाला. म्हटलं, "आजी, घेऊन दाखवा बरं." त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. दोन महिने गिळतच होत्या.

पफवाल्या पंपावर काउंटर असेल तर पंप किती वेळा दाबला तेवढंच कळतं. ओपीडीच्या आदल्या रात्री कुणी पंप हवेत उडवून आकडा जुळवला तर? अमेरिकेतल्या लंग हेल्थ स्टडी या मोठ्या अभ्यासात असं करणारे सापडले होते. वेळेची नोंद ठेवणारे सेन्सर माझ्या बजेटात बसत नाहीत.

सध्या टीएआय (टेस्ट ऑफ ॲडहिअरन्स टू इनहेलर्स, म्हणजे इनहेलर नियमित घेतला का हे विचारणारी) प्रश्नावलीचा विचार आहे. एकूण बारा प्रश्न: पहिले दहा पेशंटला, शेवटचे दोन डॉक्टरने भरायचे. पेशंटच्या दहा प्रश्नांत पैकीच्या पैकी 50 मिळाले तरच पेशंट नियमित. पण आमच्याकडे "रोज घेता ना?" म्हटलं की सगळे "हो हो मॅडम"च म्हणतात.

टीएआयचं तपासून घेतलेलं मराठी भाषांतर कुणी वापरलंय का? आणि कॅप्सूल मोजणं, प्रश्नावली आणि समोर घेऊन दाखवणं यांचा मेळ कसा घालता? गाइड सरांना सोमवारी उत्तर द्यायचंय.