घारग्यांसाठी बटरनट घ्या
हॅलोविनला कोरलेल्या भोपळ्याचा गर घारग्यांना वापरावा, असं कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. तो भोपळा कोरण्यासाठीच पिकवतात. गर पाणचट आणि दोरेदार. न्यू जर्सीत पहिल्या वर्षी मी तेच केलं. गूळ घालून शिजवल्यावर इतकं पाणी सुटलं की कणीक घालत गेले, घालत गेले आणि घारगे चामट झाले. आता बटरनट स्क्वॉश घेते. आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला, गोड आणि घट्ट.

कोरलेल्या भोपळ्याच्या बिया मात्र टाकू नका. धुऊन रात्रभर पंचावर पसरायच्या, मग तेल, मीठ, तिखट चोळून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला १५-२० मिनिटं. कडा तांबूस झाल्या, एखाददुसरी तडतडली की लगेच काढायच्या.