सहा व्होल्टची जुनी बुलेट : हेडलाइट लावताच अँमीटरचा काटा उणे बाजूला

प्रश्न – कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या १९७४ सालच्या बुलेट ३५० चे नूतनीकरण नुकतेच पूर्ण झाले. फ्रेम आणि बॅटरीची पेटी यांना पावडर कोटिंग केले असून जुने वायरिंग कुजल्यामुळे ते गावातील इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण नवे करून घेतले आहे. विद्युतव्यवस्था मूळचीच, ६ व्होल्टची आहे आणि रेक्टिफायरही (एसी प्रवाहाचा डीसी करणारा भाग) जुना, पत्र्यांच्या चकत्यांचा आहे. मूळ बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात इमर्जन्सी लाइटची ६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी बसवलेली आहे. दिवे बंद ठेवून गाडी चालवली तर अँमीटरचा (बॅटरी चार्ज होते की उतरते ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा किंचित अधिक बाजूला राहतो. मात्र हेडलाइट लावताच तो उणे बाजूला जातो आणि कितीही रेस दिली तरी परत येत नाही. थोड्या वेळाने दिवा तांबूस पडतो आणि इंजिन मिसफायर होऊ लागते. ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) गेला, नवा टाका, असे इलेक्ट्रिशियन सांगतात. चेनकेस (ऑल्टरनेटरवरचे झाकण) उघडण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर – जुना फिटर

दिवसा काटा अधिक बाजूला राहतो, याचा अर्थ ऑल्टरनेटर पूर्णपणे गेलेला नाही, त्यामुळे नवा घेण्याची घाई करू नये. आधी विजेच्या खर्चाचा हिशेब पाहा. ३० वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, मागचा दिवा जवळपास १ अँपिअर आणि पॉइंटवर (यांत्रिक स्विचवर) चालणारी इग्निशन कॉइल सरासरी २ अँपिअर. म्हणजे सुमारे ८ अँपिअरचा खर्च आहे आणि त्यामागे बॅटरी केवळ ४ अँपिअर-तासांची आहे.

माझा पहिला संशय नव्या वायरिंगवर आहे. आपल्या ऑल्टरनेटरमधून तीन वायर बाहेर येत असतील, तर त्या काळच्या रचनेत रेग्युलेटर (चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारा भाग) नसतोच. त्याचे काम दिव्यांचे स्विचच करते. दिवे बंद असताना मोजक्याच कॉइलचा प्रवाह बॅटरीला मिळतो आणि स्विच हेडलाइटवर फिरवले की उरलेल्या कॉइल त्यात जोडल्या जातात. आजच्या गाड्यांवर हात बसलेला इलेक्ट्रिशियन हे स्विच फक्त दिव्यांचे समजून तिसरी वायर मोकळी सोडतो किंवा टेप लावून बंद करतो. तसे झाले असेल, तर आपण सांगितलेली लक्षणे तंतोतंत जुळतात.

दुसरा संशय पावडर कोटिंगवर आहे. दिसायला ते उत्तम असते, पण ते वीज वाहू देत नाही, त्यामुळे बोल्टखाली राहिले की अर्थिंग (फ्रेममधून बॅटरीकडे परतणारा विजेचा मार्ग) तोडते. हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, नंतर हेडलाइटच्या भांड्यावर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जोड खराब आहे, असे समजावे. १२ व्होल्टच्या गाडीत १ व्होल्टची गळती कदाचित खपून जाईल, पण येथे ती थेट सहावा हिस्सा खाते.

उत्तर – घाटवाट

इतका खटाटोप करण्यापेक्षा १२ व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरी, कॉइल आणि बल्ब बसवून मोकळे व्हावे, असे मला वाटते. स्टेटर (ऑल्टरनेटरचा कॉइल असलेला स्थिर भाग) बदलावा लागत नाही, तीन वायरींची जोडणी तेवढी बदलावी लागते. आणि रात्री घाटात ६ व्होल्टच्या दिव्याच्या भरवशावर उतरणे मला सुरक्षित वाटत नाही.

उत्तर – जुना फिटर

रूपांतराला माझा विरोध नाही. परंतु अर्थिंग सुटलेले असेल किंवा स्टेटरची एक कॉइल तुटलेली असेल, तर तोच दोष १२ व्होल्टमध्येही सोबत येईल. त्यामुळे आधी स्टेटर तपासावा. त्याच्या तिन्ही वायर सोडवा. इंजिन बंद असताना त्यांपैकी एकीचाही स्टेटरच्या अंगाशी संपर्क दिसता कामा नये. मग चार्ज केलेल्या बॅटरीवर इंजिन मध्यम वेगात ठेवून, सामाईक वायर (जिच्यात सर्व कॉइलचे एक टोक जोडलेले असते ती) आणि इतर दोहोंपैकी एकेक वायर यांच्यामध्ये ६ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब जोडा आणि त्याच्या टोकांवरील एसी व्होल्टेज मोजा. पेटलेल्या अवस्थेत या बल्बचा रोध जवळपास १ ओहम असतो, त्यामुळे वेगळा रेझिस्टर शोधत बसावे लागत नाही. शेवटी त्या दोन वायर एकत्र करून मोजा. हे वाचन स्पष्टपणे सर्वांत जास्त आले पाहिजे. सर्वच वाचने कमी असतील तरच रोटरचे (स्टेटरमध्ये फिरणाऱ्या चुंबकाचे) चुंबकत्व किंवा रोटर-स्टेटरमधील फट यांकडे वळावे. ती फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) सर्व बाजूंनी साधारण ०.२ मिलिमीटर भरली पाहिजे.

कृष्णाकाठ

आपले आभार. तिसरी वायर हेडलाइटच्या भांड्यात टेप गुंडाळून ठेवलेली सापडली आणि बॅटरी व इंजिन यांच्यामध्ये ०.८ व्होल्ट भरले. पेटीचा बोल्ट उघडून कोटिंग खरवडले, बॅटरीपासून क्रँककेसपर्यंत जाड वायर स्वतंत्र ओढली आणि ती तिसरी वायर स्विचला जोडली. आता मध्यम वेगात हेडलाइट लावूनही काटा मध्यावर राहतो. मात्र गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी थोडी उतरते, ते अजून थांबलेले नाही.

उत्तर – जुना फिटर

इग्निशन आणि दिवे बंद करून बॅटरीच्या एका वायरीत मल्टिमीटर अँपिअरवर लावा. या गाडीत घड्याळ किंवा इलेक्ट्रॉनिक्स नाही, तेव्हा वाचन शून्य हवे. रेक्टिफायरची वायर काढताच ते शून्यावर आले, तर जुन्या चकत्या उलटा प्रवाह सोडत आहेत. त्याऐवजी केबीपीसी २५१० हा २५ अँपिअरचा सिलिकॉन ब्रिज लावावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ किमतीत मिळतो. तो फ्रेमच्या सपाट, उघड्या धातूवर घट्ट बसवा आणि जोडण्यापूर्वी आपल्या गाडीत बॅटरीचे कोणते टोक अर्थ केले आहे, ते नक्की पाहा. सीलबंद बॅटरीही बदला. रेग्युलेटर नसल्यामुळे लांबच्या प्रवासात जादा चार्जिंग होते, ते पाण्याची बॅटरी सोसते आणि डिस्टिल्ड वॉटर घालून तिची पातळी पुन्हा भरता येते. सीलबंद बॅटरीत ती सोय नाही. नवी बॅटरी बसवताना तिची वाफनळी सायलेन्सर आणि चेन यांपासून दूर, खालपर्यंत न्यावी.