शब्दचर्चा: 'उड्डाणमर्यादा' म्हणजे नेमकी कशाची मर्यादा?

थेम्सकाठची
माझी मावशी पूर्व लंडनमधे न्यूहॅमला राहते, लंडन सिटी विमानतळाच्या जवळच. तिला सरकारी इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो म्हणून त्या विमानतळाच्या परवानगीचं सगळं प्रकरण मी मराठीत लिहून देतेय. पहिलंच वाक्य लिहिलं, 'विमानतळाने उड्डाणमर्यादा वाढवून मागितली', आणि तिथेच अडकले, कारण ते चूक आहे. तिथे मर्यादा तीन आहेत. वर्षाला प्रवासी किती, वर्षाला विमानं किती, आणि कुठल्या वेळात. डिसेंबर 2022 च्या अर्जात प्रवासी 65 लाखांवरून 90 लाख मागितले, शनिवारी दुपारी साडेबाराला बंद होतं ते संध्याकाळी साडेसहापर्यंत चालू ठेवायचं म्हटलं, सकाळी पहिल्या अर्ध्या तासात तीन जादा विमानं मागितली, पण वर्षाचा विमानांचा आकडा, 1 लाख 11 हजार, तो तसाच ठेवला! मग याला 'उड्डाणमर्यादा वाढवणं' कसं म्हणायचं? आणि त्या 1 लाख 11 हजारांना तरी काय म्हणायचं? इंग्रजीत मूव्हमेंट म्हणतात, 'हालचाल' तर लिहवत नाही.

डेपोवाला
'फेऱ्या' लिहा की. आमच्या एसटीत तोच शब्द, साध्या माणसालाही कळतो.

थेम्सकाठची
दादा, आधी मीही तेच लिहिलं होतं. पण गावाला 'दिवसाला चार फेऱ्या' म्हटलं की बरेच जण जाऊन-येऊन एक फेरी धरतात ना? इथे विमान उतरलं की एक आणि तेच परत उडालं की दुसरं असं मोजतात. म्हणजे 1 लाख 11 हजार याचा अर्थ साधारण साडेपंचावन्न हजार वेळा विमान आलं आणि गेलं. 'फेऱ्या' वाचून मावशी दुप्पट धरणार. 'उड्डाणं' लिहिलं तरी तेच, वाचणारा म्हणेल एवढी उडाली तर तेवढीच उतरली पण असतील.

डेपोवाला
हे खरंय, माझ्या लक्षात नव्हतं आलं. मग 'चढउतार'?

शब्दवेडा
चढउतार नको, तो भावांचा नाहीतर घाटाचा. 'अवतरण' म्हटलं की शाळेतली अवतरणचिन्हं आठवतात. माझं मत, एकच शब्द शोधायचा हट्टच सोडा, 'उतरणारी आणि उडणारी मिळून 1 लाख 11 हजार विमानं' असं सरळ लिहा. लांब झालं तरी चालेल, आकडा चुकीचा कळण्यापेक्षा बरं. प्रवाशांचंही तसंच, एकच माणूस गेला आणि आला की दोनदा मोजला जातो, 65 लाख म्हणजे 65 लाख वेगळी माणसं नव्हेत.

नकाशा-कचेरी
परवानगीला काय लिहिलंत? 'बांधकाम परवाना' लिहू नका, इथे मुख्य मागणी विटा-सिमेंटची नाहीच. आपल्याकडे 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 'विकास परवानगी' आहे, पण 'विकास' म्हटलं की लोकांना रस्ते-गटारं वाटतात. मी 'नियोजन परवानगीतल्या अटी बदलून मागितल्या' असं लिहीन. 'शिथिल करून' नको, त्यात आपण आधीच बाजू घेतल्यासारखं होतं.

शब्दवेडा
उडणारी-उतरणारी तेवढीच तर मग प्रवासी वाढणार कसे, हा प्रश्न मावशी विचारतीलच बघा. एका वाक्यात लिहून टाका, जास्त सीटांची नवी विमानं आणणार म्हणून. आणि रात्री विमानतळ बंद असतो त्याला इंग्रजीत कर्फ्यू म्हणतात, त्याचं 'संचारबंदी' अजिबात करू नका, दंगल झाली की काय वाटेल. 'रात्री विमानतळ बंद' एवढं पुरे.

थेम्सकाठची
सगळं घेतलं. राहिला एक शब्द, शनिवारी साडेबारा ते रविवारी साडेबारा हे जे चोवीस तास बंद असतात त्याला कागदात रेस्पिट म्हटलंय. मी 'दिलासा' लिहिलं होतं. काल फोनवर वाचून दाखवलं तर मावशी म्हणाली, दिलासा काय, 'उसंत' लिही. शनिवारी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालते, शेवटचं विमान डोक्यावरून गेलं की आधी डीएलआरच्या, म्हणजे तिथल्या हलक्या लोकल रेल्वेच्या, गाडीची घरघर ऐकू येते, मग शेजारच्या कुंपणातल्या चिमण्या, आणि हे दर आठवड्याला होत असूनही ती चिमटा हातात धरून क्षणभर थांबतेच म्हणे. दिलासा कोणीतरी देतं, उसंत मिळते. मला हा फरक फार पटला.

शब्दवेडा
उसंतच! आता पूर्ण टाका बघू.

थेम्सकाठची
'विमानतळाने नियोजन परवानगीतल्या अटी बदलून मागितल्या. जुलै 2023 मधे न्यूहॅम कौन्सिलने नकार दिला. विमानतळाने अपील केलं. ऑगस्ट 2024 मधे सरकारने वर्षाला 90 लाख प्रवासी आणि पहाटेच्या अर्ध्या तासातली तीन जादा विमानं मान्य केली. उतरणारी आणि उडणारी मिळून 1 लाख 11 हजार विमानं, हा आकडा बदलला नाही. शनिवार दुपारची उसंत तशीच राहिली.'

नकाशा-कचेरी
'पहाटेच्या' काढा, साडेसहा ते सात आहे ना ते? 'सकाळच्या पहिल्या' करा. बाकी पाठवा.